जर्मनचा डोंगा

तारा गोतमारे घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा पाहते. एकदा डोळ्यांनी, एकदा हातानं, आणि कुलूप लावून अर्धा जिना उतरल्यावर परत वर जाऊन एकदा. तिचा नवरा विक्रम खाली स्कूटर सुरू करून उभा असतो, तो आता हॉर्नसुद्धा वाजवत नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये ती एकवीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. परक्याच्या शिरेत सुई घालताना हिचा हात तसूभर हलत नाही, आणि घरी कुकरची शिट्टी जरा लांबली की ही धावत गॅसपाशी. काळजी करणं ही तिची दुसरी नोकरी समजा, आणि तिला रविवारची सुटी नाही.

आता अशा बाईच्या वाट्याला वडिलांकडून काय यावं? शेत नाही, दागिना नाही. डोंगा! तोही जर्मनचा.

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगितलेलं बरं. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनची परात, तसा हा जर्मनचा डोंगा, म्हणजे होडी. ताराचे वडील भैयाजी खाप्याजवळच्या एका खाणीत स्टोअरचे कारकून होते. खाणीतल्या साचलेल्या पाण्यात फिरायला कंपनीनं कधीकाळी हा डोंगा घेतला होता, मागं लावायच्या पेट्रोलच्या मोटरीसकट. कंपनीनं तो निलावात काढला तेव्हा कोणी बोली लावेना. भैयाजींनी लावली. ट्रॅक्टरवर तो पांढरा डोंगा गावात आला तेव्हा साऱ्या आळीनं दात काढले, "भैयाजीनं एवढा मोठा गंज आणला, आता भात कोणाकोणाले घालता?" भैयाजींना काही फरक पडला नाही. पहाटे कन्हान नदीवर गळ टाकून बसायचं आणि नोकरी होती तोवर नऊच्या ठोक्याला स्टोअरमध्ये हजर व्हायचं, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम झाला. त्यांना पोहता येत नव्हतं. मोटर चालवायला सोबत लहानू असायचा, घाटाजवळ राहणारा धिवर, म्हणजे मासेमार. नदीचा तळ त्याला आपल्या अंगणासारखा माहीत.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, त्याच लहानूच्या हातात मोटर असताना डोंगा वळणाजवळ, मधल्या डोहात भरला. मागच्या पाटाखालून पाणी आलं, आणि असं आलं की बघता बघता डोंगा गेला. लहानूनं भैयाजींना केसांना धरून काठावर आणलं. पण नदी त्यांच्या छातीत शिरली होती. धंतोलीतल्या दवाखान्यात सहा दिवस काढले बिचाऱ्यांनी, सातव्या दिवशी गेले.

पाणी उतरल्यावर डोंगा वर काढला, आणि गाव म्हणालं, लहानूनं दगडावर ठोकला. भोक त्याच्याच बसायच्या जागेखाली होतं ना! कोणी म्हणालं तो प्यालेला होता. तो कधी पीत नव्हता, पण मेलेल्या माणसाच्या घरी बसून बोलणाऱ्यांना काय धरबंध? ताराची आई कौशल्याबाई एकदाच बोलली, तेराव्याला, साऱ्यांच्या देखत: "लहानू, माह्या दारात पाय नोको ठेवू." त्या दिवसापासून लहानू पुन्हा डोंग्यात बसला नाही. बसस्टँडवर फुटाण्याची गाडी लावून बसला.

हे सगळं परत उकरून काढायची ताराला काडीची हौस नव्हती. पण या हिवाळ्यात कौशल्याबाईंच्या छातीत डॉक्टरांनी ते ठोके चालवायचं यंत्र बसवलं. अठ्ठ्याहत्तर वय. डॉक्टरांनी ताराला बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. आणि म्हातारी दवाखान्यातून ताराच्या घरी आल्याबरोबर म्हणते काय, "तारे, अकरा वर्षं कानोबा बादलीत शिरवून राहिलो आपण. यंदा डोंग्यातूनच शिरवायचा. तुह्या बाबाच्या."

जन्माष्टमीला आमच्याकडे मातीचा कानोबा बसतो, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाण्यात शिरवतात. भैयाजी होते तोवर घरचा कानोबा जर्मनच्या डोंग्यातून मधल्या डोहात जायचा. आता खाप्याच्या बंद घरामागं तो डोंगा चिंचेखाली पालथा पडलेला, त्याच्यावर कोंबड्या बसतात. आणि हिला त्यात बसायचं आहे! श्रावणात! नदी भरलेली असताना! तारानं नाही म्हणायला तोंड उघडलं, आईचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

सावनेरला मोहित नावाचा शेतपंप दुरुस्त करणारा आहे, पावसाळा लागल्यावर त्याला तिनं गाठलं. दर रविवारी ती एसटीनं खाप्याला जायची, तो मोटरसायकलवर यायचा. मोहितनं डोंग्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "दीदी, बॉडी टाकायची नाही, चांगली आहे. मोटर पाहून सांगतो." पोत्यात गुंडाळलेली मोटर उघडली तेव्हा आत कोळ्याची जाळी आणि एक मेलेली पाल निघाली. जुनं पेट्रोल आत सुकून गुळासारखं चिकट झालेलं. पाणी ओढायचा रबराचा पंखा तर हातात घेताच तुटला. नागपुरात त्याच्या मापाचा मिळेना, म्हणून मोहितनं पंपाचा कापून, घासून बसवला. तारा शेजारी बसून एकच विचारायची, "बुडणार तं नाही ना?" मोहितनं पहिल्या रविवारी सात वेळा उत्तर दिलं, दुसऱ्या रविवारी कानात दोन्ही बाजूंनी गाणी लावून आला.

मोटरीच्या खालच्या पात्याची टोपी काढली तेव्हा मोहित स्वतःशीच म्हणाला, "पिन तं साबूत आहे." तारानं विचारलं कसली पिन. त्यानं बोटाएवढी एक पितळी कांडी दाखवली. पातं दगडाला लागलं की आधी ही तुटते, म्हणजे मोटरीचे दात वाचतात. "लोक म्हणत होते ठोकला म्हणून. ठोकला असता तं ही तुटली असती." एवढं बोलून त्यानं कांडी जागेवर घातली आणि कामाला लागला. तारानं ऐकलं, पण तिच्या डोक्यात तेव्हा बुडायचंच घोळत होतं.

पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं यावरून घोडं अडलं. मोहित म्हणे अंदाजानं टाकू. अंदाजानं! ताराला अंदाज या शब्दाचीच भीती. खाप्यात हे एकाच माणसाला ठाऊक होतं, म्हणून आईला न सांगता ती बसस्टँडवर गेली.

लहानू आता सहासष्ट वर्षांचा. तिला पाहून उठून उभा राहिला, हातातलं फुटाण्याचं माप तसंच.

"लहानूकाका, बाबांच्या मोटरीत तेल किती घालत होते हो?"

"पाच लिटरले एक चहाचा कप. तुमच्या घरचा पांढरा कप, भरून नाही, निळ्या रेघेपर्यंत." त्यानं क्षणभरही विचार केला नाही. मग हळूच विचारलं, "सुरू करून राहिली काय?"

"आईले कानोबा डोंग्यातून शिरवायचा आहे. तुम्ही एकदा मोटर पाहून देता काय?"

"नाही बाई. या हातानं तुहा बाबा गेला." हे तो असं बोलला, जसं आपण आपलं नाव सांगतो. "एवढी नदी माहीत असून मले तो दगड दिसला नाही. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं का मी जातो पाहाले. त्या वळणावर चालून चालून पाहतो. अजून सापडला नाही. असन वाळूखाली."

तारानं घेतलेले फुटाणे बसमध्ये हातातच राहिले. लोक म्हणतात ते एक, पण हा स्वतःच मानून बसला आहे, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि मग नेहमीप्रमाणे वाटलं की आईला कळलं तर.

तिसऱ्या रविवारी डोंग्याचं भोक बुजवायचं होतं. डोंग्यात मागचा पाट म्हणजे डब्यासारखा बंद, फक्त हात जाईल एवढी फट. त्याखालचा पत्रा बदलायचा तर पाट काढणं भाग. मोहितनं एकेक रिव्हिट छिनून पाट उचलला आणि म्हणाला, "हे काय आहे दीदी? नवस गिवस?"

तळाच्या कोपऱ्यात लाल खणाची एक पुरचुंडी होती, कुजून काळी झालेली, पत्र्याला चिकटलेली. तारानं ती ओढली तशी फाटली, आणि आतून तांब्याचे पैसे सांडले. जुने, मधे भोक असलेले, हिरवे पडलेले. तो खण तिनं ओळखला. आईच्या लग्नातल्या चोळीचा.

नदी ओलांडताना पाण्यात तांब्याचा पैसा टाकतात, ते तुम्हालाही माहीत असेल. कौशल्याबाई दर वर्षी कानोब्याला डोंग्याची पूजा करायची तेव्हा तो पैसा नदीत न टाकता हळदकुंकवात बुडवून फटीतून आतल्या पुरचुंडीत सारायची, मोटरीच्या जवळ, जिथं धोका जास्त तिथं. नदीला तिचा हिस्सा रोज डोंग्यातच दिसावा, म्हणजे ती मालकाला हात लावणार नाही, असा तिचा हिशेब. चौदा वर्षं, दर वर्षी एक. तारानं लग्नाआधी हे पाहिलं होतं आणि विसरूनही गेली होती.

पुरचुंडी होती तिथल्या पत्र्यावर पांढरी भुकटी जमली होती. मोहितनं बोट फिरवलं तशी ती खाली सांडली, आणि पत्रा चाळणीसारखा दिसला. मधलं मोठं भोक, आणि भोवती सुईच्या अग्रासारखी कितीतरी.

"तांबा आणि जर्मन ओल्यात चिपकून ठेवला का तांबा त्याले खाते," मोहित म्हणाला. "म्हणून तं मी जर्मनचेच रिव्हिट लावून राहिलो. दगडानं फाटते तं पत्रा आत दबते दीदी. हे तं आतून खाल्लं आहे." मग तो थांबला. मोहित बोलका असला तरी मूर्ख नाही. "कोणी ठेवलं होतं?"

"कोणाले बोलू नको," तारा म्हणाली. ती सांडलेले पैसे वेचू लागली.

त्यानंतरचे बारा दिवस तिनं कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. पैसे आणि खणाची चिंधी तिनं एका रिकाम्या सॅम्पलच्या डबीत घातली आणि ती डबी रोज पर्समध्ये घेऊन फिरली. घरी ठेवावी तर आईच्या हाती लागेल, फेकावी तर लहानूचा एकमेव साक्षीदार जाईल. लॅबमध्ये तिनं एका माणसाची दोनदा सुई चुकवली, एकवीस वर्षांत पहिल्यांदा. लहानूला सांगायचं? खापा केवढंसं! सकाळी त्याला सांगितलेलं दुपारी फोनवरून आईपर्यंत पोचलं असतं. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू ज्या हातानं नवऱ्याला राखलंस त्याच हातानं? तारानं ठरवलं, कानोबा होऊ दे, मग सांगू. आणि पोटातून तिला पक्कं ठाऊक होतं की मग कधीच सांगणार नाही. दोष एका गरीब माणसाच्या नावावर अकरा वर्षं आहे, राहील आणखी दहा. असं मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

चौथ्या रविवारी अंगणात पाण्याच्या ड्रमवर मोटर अडकवली. मोहितनं दोरी ओढून ओढून बनियन ओलं केलं. चोविसाव्या ओढीला मोटर अशी गरजली की चिंचेवरच्या कोंबड्या शेजारच्या घरात. तारा रडली. मोहितला वाटलं, मोटर सुरू झाली म्हणून.

कानोब्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. नदी भरलेली, पण घाटाजवळचा डोह संथ होता. डोंगा पाण्याला लावलेला, तळाला थाळीएवढं नवं ठिगळ, त्याच्या कडेनं रिव्हिटांची रांग. पाट परत बसवताना मोहितनं त्याची पुढची बाजू मोकळीच ठेवली होती, म्हणजे पाणी साचलं तर दिसावं. मोटर मोहित चालवणार होता, आणि मोहितनं आयुष्यात फक्त विहिरी पाहिल्या होत्या. तारानं आईला जीवरक्षक जाकीट घातलं, त्यावर आईनं पदर घेतला. घाटावर वीसेक घरचे कानोबे, बाया, पोरं. वरच्या पायरीवर, पार टोकाला, लहानू उभा. मोटरीचा आवाज ऐकून गाडी सोडून आला होता. कौशल्याबाईंनी त्याला पाहिलं आणि मान फिरवली.

म्हातारीनं डोंग्याला कुंकू लावलं, आरती ओवाळली. मग कमरेची चंची सोडली, लाल चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मागच्या पाटाकडे वाकली.

तारानं तिचं मनगट धरलं. "आई, नको."

"काहून?"

"नवा रंग आहे. खराब होईन."

"पैशानं रंग खराब होते काय वं?" कौशल्याबाई तशीच वाकून ठिगळाकडे पाहत होती. ही बाई जन्मभर सुनाबाळींवर ओरडत आली की जर्मनच्या गंजात चिंचेचं सार ठेवू नका, तांब्याची पळी टाकून ठेवू नका, भोकं पडतात. ती पाहत राहिली. "भोक इथंच होतं?"

तारानं मनगट सोडलं नाही.

"बोल ना. लहानूनं दगडावर ठोकला ना?"

खोटं ताराच्या जिभेवर आलं होतं. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. पण आजवर ती नुसती गप्प होती. आता हो म्हटलं असतं तर तो दगड तिनं स्वतः उचलून नदीत ठेवला असता. आईचं मनगट अजून तिच्या हातात होतं, सवयीनं बोटं नाडीवर गेलेली.

"नाही, आई," ती म्हणाली. "दगड नव्हता."

आणि तिनं पर्समधली डबी काढून आईच्या हातात दिली. खणाची चिंधी त्यात होतीच. कौशल्याबाईंना दुसरं काही सांगावं लागलं नाही. तारा नाडी मोजत होती, मोजता मोजता विसरत होती, परत एकपासून सुरू करत होती. ते छातीतलं यंत्र आपलं काम करत होतं. म्हातारी डोंग्याच्या काठावर बसली. मागं कोणीतरी ओरडलं, "चला ना जी, उशीर होऊन राहिला!" तिनं ऐकलं नाही.

डबी मुठीत धरून ती म्हणाली, "त्याले बोलाव."

तारा पायऱ्या चढून गेली. लहानू आला, पण दहा हात अलीकडे, पाण्यातल्या पायरीवर थांबला, हात जोडून.

"लहानू," कौशल्याबाई म्हणाली, साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशी, जशी तेराव्याला बोलली होती. "तू नाही ठोकला गा. दगड नव्हता. माह्या तांब्यानं पत्रा खाल्ला. मी ठेवलं होतं."

लहानूला समजलं नाही. त्यानं मोहितकडे पाहिलं. मोहितनं ठिगळ दाखवलं, भुकटीचं सांगितलं, आतून खाल्लेल्या पत्र्याचं सांगितलं. लहानूनं एकच विचारलं, नावाड्यानंच विचारावं असं: "पिन?"

"साबूत होती."

"साबूत?"

"काका, मी स्वतः काढली. साबूत."

लहानू होता तिथंच पाण्यात बसला, कमरेइतक्या. तोंडावर हात घेतले आणि लेकरासारखा रडला. कौशल्याबाई रडली नाही. तिनं हातातला नवा पैसा नदीत टाकला, जुन्या पैशांची डबी तेवढी चंचीत ठेवली. तारा काही बोलणार तोच म्हणाली, "राहू दे. मले समजाले दोन दिवस लागतीन." मग कानोबा मांडीवर घेऊन ती डोंग्यात मधोमध बसली.

"मोटर लहानू चालवन," ती म्हणाली.

मोहितनं मोठ्या आनंदानं जागा सोडली. लहानूनं ओल्या हातानं दोरी धरली, तिसऱ्याच ओढीला मोटर लागली. डोंगा डोहाकडे निघाला. तारा सारखी तळाकडे पाहत होती. तळ कोरडा होता.

वळण आलं तशी लहानूची नजर आपोआप पाण्यात गेली, दर उन्हाळ्यासारखी शोधायला, आणि तो इथं कशासाठी येतो ते तारानं आईच्या कानात सांगितलं. कौशल्याबाईंनी मागं वळून पाहिलं.

"आता उन्हाळ्यात नोको जाऊ गा दगड पाहाले," ती म्हणाली.

"नाही जात, वहिनी," लहानू म्हणाला आणि मोटर हळू केली.